सोजरचा श्वास

उकंडराव पाटलांच्या घरात सोजरला आळशी म्हणण्याचा पहिला मान पंचफुलेचा होता. ही गोष्ट तिला पुढे फार खुपली, पण ती लपवावी असं तिला कधी वाटलं नाही. आपलं चुकलं ते चुकलं, असं म्हणणारी ती बाई होती. दुसऱ्याचं चुकलं तर मात्र गप्प बसणारी नव्हती.

पंचफुला पाटलांची थोरली सून. नवरा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला, तेव्हापासून वीस वर्षं ती याच घरात राबत होती. सोजर धाकटी, शालिग्रामची बायको. ही सोजर पूर्वी कशी होती ते शिरपूरच्या आसपासच्या चार गावांना ठाऊक होतं. वेचणीला गेली की दोन बायांचा कापूस एकटीच्या ओटीत. जात्यावर बसली की आवाज वेशीपर्यंत. आणि गेल्या दोन वर्षांत त्याच बाईचं काय होऊन बसलं! तोंड सुजलं, भुवयांचे केस गळाले, आवाज घोगरा झाला. दळता दळता डोळा लागायचा आणि खुंटा हातात तसाच राहायचा. एक प्रश्न विचारला की उत्तर यायला एवढा वेळ लागे की विचारणारी बाई पाण्याला जाऊन परत येई. चैत्राच्या उन्हात, सगळं घर घामानं निथळत असताना, ही घोंगडी पांघरून भिंतीला टेकलेली.

"सोंगं आहेत नुसती," पंचफुला म्हणायची. "काम दिसलं की हिले थंडी वाजते."

दोघींचं काम एकटीच्या अंगावर पडलं होतं, म्हणून तिचं तोंड सुटायचं. पण सासऱ्यानं तेच शब्द उचलले आणि त्यांच्या आधारावर शालिग्रामचं दुसरं लग्न उभं केलं, तेव्हा ती चपापली. उकंडराव पाटलांनी रिसोडकडची एक मुलगी शालिग्रामसाठी पाहिली. घरात काम करणारी बाई पाहिजे, एवढाच त्यांचा हिशोब. अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की लग्न, आणि सोजरनं आपली सात वर्षांची पोर इथं सोडून मळ्यातल्या खोपीत जाऊन राहायचं. माहेर अनसिंगला होतं, पण तिथं भाऊ-भावजय, आणि भावजयीनं आधीच दार लावून घेतलेलं. शालिग्राम काय म्हणाला? शालिग्राम काहीच म्हणाला नाही. त्याचा जन्म वडिलांपुढं मान खाली घालण्यातच गेला होता.

त्याच आठवड्यात दोघी जावा शिरपूरच्या बाजाराला गेल्या आणि तिथं गोपीचंद डॉक्टरनं सोजरला पाहिलं. डॉक्टर शिरपूरच्याच जैन कापडवाल्याचा मुलगा. दवाखाना वाशीमला, पण रविवारी तो घरी यायचा. भर उन्हात घोंगडी पांघरून चालणारी बाई पाहून तो दुकानातून उठून रस्त्यावर आला. तिला ओट्यावर बसवलं, नाडी पाहिली, हातावरची खरखरीत कातडी पाहिली. मग तिला पाटावर गुडघे टेकवायला लावून टाचेच्या वरच्या शिरेवर लहानशी हातोडी मारली. पाऊल खाली गेलं आणि परत यायला त्यानं बराच वेळ घेतला.

"ही बाई आळशी आहे असं कोण म्हणतं?" त्यानं विचारलं.

पंचफुलेनं खाली पाहिलं. "मीच म्हंतो," ती म्हणाली.

डॉक्टर हसला नाही. त्यानं समजावून सांगितलं. माणूस नुसता पडून असला तरी त्याच्या अंगात एक चूल जळत असते. ती पेटती ठेवणारी एक गाठ गळ्यात असते. हिची ती गाठ निजली आहे, असा त्याला संशय होता. त्यावर गोळी होती, जन्मभर रोज घ्यायची, मेंढीच्या गळ्यातल्या गाठीची. हे शेवटचं त्यानं जैन मंदिराच्या शिखराकडे पाठ करून हळूच सांगितलं. पण नुसत्या संशयावर ती गोळी द्यायची नाही. रोग नसताना दिली तर काळीज उधळतं. आधी तपासायला हवं.

त्यासाठी त्याच्याकडे एक यंत्र होतं. मुंबईच्या कुठल्याशा दवाखान्यानं मोडीत काढलेलं, त्यानं हौसेनं आणून दुरुस्त केलेलं. रोग्यानं रात्रीपासून उपाशी राहायचं, सकाळी तासभर निपचित पडायचं. मग नाक रबराच्या बोंडांच्या चिमट्यानं बंद करायचं आणि तोंडात रबराची नळी धरून नुसता श्वास घ्यायचा. नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेनं भरलेला पत्र्याचा डबा. रोग्यानं हवा वापरली की डबा खाली येतो आणि कागदावर रेघ उमटते. ज्याची चूल विझत आली, त्याला हवा कमी लागते आणि डबा हळूहळू उतरतो.

पंचफुलेला हे सगळं एका दमात पटलं. तिच्या डोळ्यांपुढे गेल्या दोन वर्षांतली सोजर उभी राहिली. दळताना मिटणारे डोळे, घोंगडी, उशिरा येणारी उत्तरं, आणि त्या प्रत्येक वेळी आपण काय काय बोललो ते. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ राग आला.

ही गोष्ट सासऱ्याच्या कानावर घालायची तर शालिग्रामकरवीच घालावी लागणार होती. पाटलांच्या घरात सुना सासऱ्याशी बोलत नसत. तोंड दाखवत नसत, त्यांच्यासमोर बाजेवर बसत नसत. पाटील अंगणात आले की बसलेली सून उठायची, उठलेली वळायची. वीस वर्षांत पंचफुला त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. जेवायला बोलवायचं आणि घरात दुसरं कोणी नसलं तर ती खांबाला सांगायची, "पान वाढलं म्हणावं." पाटील खांबाचं ऐकून हात धुवायला उठत.

पाटलांनी डॉक्टरचं म्हणणं ऐकलं आणि चावडीवर चार माणसांसमोर जाहीर केलं, "यंत्र म्हणंल का हिले रोग हाय, तर मी लगन मोडतो. नाई म्हणंल, तर मंग पुन्हा कोणी तोंड उघडायचं नाई. पन मी सोता जाऊन पाहीन. बायकाईच्या सांगण्यावर माहा भरोसा नाई."

लोकांना हा न्याय फार पसंत पडला. सोजरला कोणी विचारलं नाही.

मंगळवारी छकड्यातून सगळे वाशीमला गेले, एका सोयऱ्याकडे उतरले आणि बुधवारी सकाळी दवाखान्यात हजर झाले. सोजरनं रात्रीपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. पण त्याच वेळी अनसिंगहून माणूस धावत आला, एक बाळंतीण अडली होती. डॉक्टरला जाणं भाग होतं. यंत्राचं काम त्यानं कंपाउंडर प्रेमसिंगवर सोपवलं. प्रेमसिंग हुशार होता, यंत्र त्यानं दहा वेळा चालवलं होतं. फक्त कोणा पाटलाच्या सुनेवर, पाटलाच्या देखत चालवलेलं नव्हतं.

पाटलांनी खुर्ची ओढली आणि खोलीत, टेबलापासून चार हातांवर, काठी गुडघ्यात धरून बसले.

पंचफुला दाराबाहेर पडद्याआड उभी राहिली. आतलं तिला ऐकू येत होतं, दिसत नव्हतं.

"बाई, लेट जाइए. पाय लांब करा," प्रेमसिंग म्हणत होता.

टेबल करकरलं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा प्रेमसिंग, "उठू नका, बाई. पडून राहा." पाटील खाकरले की टेबल करकरायचं. सासरा चार हातांवर बसलेला आणि आपण त्यांच्याकडे पाय करून उताणं पडायचं! आखडून घेऊ तेवढे पाय कमीच. तासभर निपचित पडायला सांगितलेली सोजर त्या तासात कितीदा उठून बसली ते पंचफुलेनं टेबलाच्या आवाजावरून मोजलं. नऊदा.

"आता नाकाला चिमटा लावतो. नाकातून जरा जरी वारा निसटला तर यंत्र फसतं," प्रेमसिंगनं सांगितलं. मग त्याचा आवाज अडखळला. "पदर... जरा... पाटील साब?"

"पदराले हात नोको लावू," पाटील म्हणाले.

त्यानंतर डब्याचा खळखळाट तेवढा ऐकू आला.

संध्याकाळी डॉक्टर थकून परतला, कागदावरची रेघ मोजली, उंची-वजनाचं कोष्टक पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. उणे सहा, म्हणजे हवा नेहमीपेक्षा शेकडा सहानं कमी. पंधरापर्यंत निरोगी माणसाचंही उणं येतं. यंत्र म्हणत होतं की या बाईला काही झालेलं नाही. त्यानं पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच आलं. "मला पटत नाही," तो म्हणाला, "पण कागद तर असा आहे."

पाटलांनी तो कागद मागून घेतला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मास्तरकडून चावडीवर वाचून घेतला. लग्नाची तारीख सोळा दिवसांवर होती. सोजरची भांडी वेगळी काढायला सांगण्यात आलं.

आणि पंचफुला? तिनं काय केलं? ती सोजरवरच तुटून पडली. "येवढी मी तुह्यासाठी भांडली, अन् तुले नुसतं पडून राह्यनं जमलं नाई! दोन वर्सं पडूनच होती ना?" सोजर ऐकत राहिली. तिच्या सुजलेल्या तोंडावर राग नव्हता, रडू नव्हतं, काही उमटतच नव्हतं. "हाव, अक्का," ती थोड्या वेळानं म्हणाली, "चुकलंच माह्यं." ते ऐकून पंचफुलेला आणखीच संताप आला.

तिसऱ्या दिवशी पंचफुला नाल्यावर धुणं धूत होती. सोजरचं वाशीमला नेसलेलं लुगडं आपटताना पदरावर दोन काळे डाग दिसले, चिंचोक्याएवढे, एकमेकांपासून चार बोटांवर. तिनं चोळले, रिठा लावला, डाग जाईनात. वास घेतला. रबराचा वास होता.

लुगडं हातात धरून ती तशीच दगडावर बसली. मग तिनं तो पदर आपल्या तोंडावर ओढला आणि डागांच्या जागी दोन बोटांनी नाक दाबलं. कापड मधे होतं. नाक दबलं, पण बंद झालं नाही. घडीच्या फटीतून श्वास आत-बाहेर होत होता.

ती ओल्या लुगड्यानिशी घरी आली. "सोजर, चिमटा पदरावरून लावला होता?"

"हाव."

"नाकातून वारा येत होता?"

सोजरनं आठवायला वेळ घेतला. "येत होता."

"मंग सांगतलं काहून नाई वं, बाई?"

"मामाजी बसले होते," सोजर म्हणाली.

पंचफुलेचं अंग पेटलं. एवढी शहाणी माणसं, एवढं मोठं यंत्र, चार माणसांसमोरचा न्याय, आणि एका बाईचं नाक उघडं करायची कोणाची छाती झाली नाही! प्रेमसिंगची नाही, कारण पाटील होते. सोजरची नाही, कारण पाटील होते. आणि आपली तरी कुठं झाली? आपण पडद्याआड उभं राहून टेबलाचे आवाज मोजत होतो. पाटलांनी स्वतःच तपास बिघडवला आणि त्या बिघडलेल्या तपासावर सुनेला मळ्यात हाकलायला निघाले होते.

रविवारी तिनं लुगड्याची घडी काखेत मारली आणि शिरपूर गाठलं. डॉक्टरच्या वडिलांच्या दुकानाच्या ओट्यावर, भर गिऱ्हाइकांत, तो पदर पसरला.

"हे पाहा. हे दोन डाग. हे तुमचं यंत्र."

डॉक्टरनं डाग पाहिले आणि कपाळावर हात मारला. डब्यातली हवा नाकावाटे बाहेर गेली होती. सोजरनं वापरली नव्हती, ती नुसती वाया गेली होती. डबा भराभर उतरला आणि यंत्राला वाटलं, बाईची चूल धडधडून पेटली आहे. त्यात नऊदा उठबस.

"चूक माझी," तो म्हणाला. "मी थांबायला पाहिजे होतं."

"बाळंतीण अडली होती, तुमी गेले, थे बराबर केलं," पंचफुला म्हणाली. "पन कागद पटला नाई तर कागद द्यायचा नाई ना, डॉक्टरसाहेब! तुमी तुमच्या हातानं देला. त्याच्यावर माह्या जावंचा संसार मोडून राह्यला."

डॉक्टरनं गल्ल्यावरची लेखणी उचलली. त्यानं बुधवार ठरवला आणि पाटलांना चिठ्ठी लिहिली, की पहिला तपास फुकट गेला, दुसरा करायला हवा. पाटलांनी चिठ्ठी मास्तरकडून वाचून घेतली आणि फाडली. एकदा झालं ते झालं, म्हणाले. मुलीकडे शब्द गेला होता.

मंगळवारी दुपारी पाटील जेवून आडवे झाल्यावर पंचफुला गोठ्यात गेली. शालिग्राम बैलांना कडबा टाकत होता.

"भाऊजी, छकडा जुंपा."

"बाबांना इचारतो."

"इचारा. मंग अखजीले नवी बायको आना, अन् थे एक डाव तापानं पडली की तिलेही मळ्यात पाठवा. बाबांना इचारून." तिचा आवाज चढला. "अठ्ठावीस वर्सांची बाई तुमच्यादेखत विझून राह्यली. तुमी तिच्याकडं एक डाव तरी नीट पाह्यलं का हो?"

शालिग्रामनं हातातली कडब्याची पेंढी खाली ठेवली. मग बैल सोडून छकड्याला जुंपले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काही न विचारता केलं, तेही मान खाली घालूनच.

बुधवारी सकाळी सोजर टेबलावर पडली होती. खोलीत डॉक्टर, प्रेमसिंग आणि पंचफुला. अर्धा तास झाला होता. सोजरचे पाय हळूहळू लांब झाले होते, मुठी सुटल्या होत्या. तेवढ्यात बाहेर घोडीच्या टापा वाजल्या आणि काठीचा आवाज आला. पाटील पहाटेच निघाले असणार.

"मले न सांगता?" त्यांनी दारातूनच विचारलं. शालिग्राम बाहेरच्या बाकावरून उठला आणि तसाच परत बसला. पाटील आत आले. खुर्ची ओढली. "आता करा काय करता थे. माह्यासमोर करा. पाह्यल्याबिगर मी मानत नाई."

टेबल करकरलं. सोजर उठून बसत होती. पाय आखडले, पदर कपाळावरून खाली येऊ लागला. डॉक्टरनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी पंचफुला पुढं झाली. तिनं आपल्या डोक्यावरचा पदर मागं सारला आणि पाटलांच्या तोंडाकडं सरळ पाहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्यांचे डोळे दिसले. घारे होते.

"मामाजी, तुमी बाहीर बसा," ती म्हणाली.

पाटील दचकले. कोण बोललं हे त्यांना क्षणभर कळलंच नाही.

"तुमी इथं बसले तर ही श्वाससुद्धा घेत नाई. मांगच्या बारीले तुमी बसले होते म्हनून ही नऊदा उठली. तुमी बसले होते म्हनून हिच्या नाकावर पदर राह्यला, अन् यंत्र फसलं. तुमचा न्याय तुमीच बिघडवला. आता उठा."

"सुनबाई, मर्यादा..."

"तुमची मर्यादा पाळता पाळता हिचा जीव चालला. मी वीस वर्सं पाळली, मले कोनी काई म्हनू शकत नाई. आज नाई पाळत. उठा, मामाजी."

पाटलांनी डॉक्टरकडं पाहिलं. डॉक्टर म्हणाला, "त्या बरोबर बोलतात, पाटील. तुम्ही बाहेर थांबलात तरच तपास खरा." पाटील काठीवर भार देऊन उठले आणि बाहेर गेले. पंचफुलेनं दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून खाली बसली.

त्यांनी पुन्हा पूर्ण तास मोजला. मग डॉक्टरनं स्वतः सोजरचा पदर बाजूला केला आणि चिमटा नाकाच्या उघड्या कातडीवर बसवला. सोजरनं नळी तोंडात धरली. डबा उतरू लागला, पण इतका सावकाश की पंचफुलेला वाटलं तो अडकला आहे. आठ मिनिटं. थोडा विसावा देऊन पुन्हा आठ मिनिटं. दोन्ही रेघा जवळजवळ आडव्याच.

डॉक्टरनं हिशेब केला. उणे अडतीस.

"इतकं कमी मी पुस्तकात वाचलं होतं," तो प्रेमसिंगला म्हणाला. "ही बाई दळण दळत होती, म्हणतात!"

पंचफुलेनं तोंडात पदराचा बोळा घातला आणि ती रडली. आनंद झाला असं तिला वाटलं नाही. दोन वर्षं ही बाई एवढ्याशा श्वासावर त्या जात्याशी बसत होती आणि आपण तिला सोंगाडी म्हणत होतो.

डॉक्टरनं नवा कागद लिहायला घेतला. वर रोगाचं नाव, खाली आकडा, त्याखाली गोळीचं प्रमाण. मग त्याची लेखणी थांबली. "पहिला कागद चावडीवर वाचलाय. तो का चुकला तेही लिहावं लागेल, नाहीतर लोक म्हणतील दुसराच खोटा. काय लिहू? यंत्रात बिघाड होता असं लिहितो."

"यंत्रात काय बिघाड होता?" पंचफुलेनं डोळे पुसले. "यंत्राचं नाव खराब करू नोका."

"मग?"

"लिवा, सासरे खोलीत बसले होते."

प्रेमसिंगनं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. डॉक्टरनं लेखणी शाईत बुडवली आणि तेच लिहिलं, जसंच्या तसं. खाली सही केली आणि दाराची कडी काढून तो कागद पाटलांना मोठ्यानं वाचून दाखवला. शालिग्राम बाकावरून उठून उभा राहिला. शेवटची ओळ आली तेव्हा त्यानं मान वर केली आणि वडिलांकडं पाहिलं.

"हे चावडीवर वाचाचं?" पाटलांनी विचारलं.

"शब्द तुमचा होता," डॉक्टर म्हणाला.

पाटील उंबऱ्यापर्यंत आले. त्यांना पाहताच टेबलावरच्या सोजरचा हात सवयीनं पदर शोधू लागला, कोपर टेकून ती उठू लागली. पंचफुलेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"पडून राय," ती म्हणाली.

सोजरनं विचार करायला तिचा नेहमीचा वेळ घेतला. मग डोकं पुन्हा उशीवर टेकलं आणि पाय होते तसेच लांब ठेवले. पाटील उंबऱ्यावर उभे होते, आणि आत यावं की मागं फिरावं हे त्यांना सांगायला कोणीच पुढं झालं नाही.